दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम-कंबोडिया: काय बघावं आणि काय सोडावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकहून तुम्ही दोघं आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असे चौघं, दिवाळीला लागून अकरा-बारा दिवसांची सुट्टी, म्हणजे हातात दहा रात्री. टूरवाल्याने दिलेल्या कार्यक्रमात हनोई, हा लाँग बे, दा नांग, बा ना हिल्स, होई आन, हो ची मिन्ह सिटी, कू ची, मेकाँग, नॉम पेन असं सगळं आहे आणि शेवटी सिएम रीपला एक दिवस. दोन्ही देशांतली 'टॉप टेन' ठिकाणं यात आली का, काही राहिलं का, असं तुम्ही विचारलंय.

राहिलं काहीच नाही, उलट बरंच जास्त झालंय. मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन मी या दोन देशांत अनेक वर्षं जाते आहे, आणि या प्रवासाची यादी करणं सोपं असतं. जड जातं ते नावं खोडणं. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण जवळजवळ 1,650 किलोमीटर लांब आहे. उत्तर, मध्य आणि दक्षिण या तिन्ही भागांची हवा वेगळी, पावसाचे महिने वेगळे. दहा रात्रींत तिन्ही भाग आणि वर कंबोडिया बसवला, की बघायच्या वेळातला मोठा हिस्सा विमानतळ आणि बसमध्ये जातो. सत्तरीतल्या माणसांना तर दर दीड दिवसाला बॅग भरायची दगदग सगळ्यात जास्त बाधते.

माझं मत स्पष्ट आहे. आधी अंगकोरचे, म्हणजे सिएम रीपजवळच्या जुन्या मंदिरांचे, तीन पूर्ण दिवस बाजूला काढा. उरलेल्या दिवसांत व्हिएतनामचा कुठला भाग बघायचा, ते महिना ठरवेल. बहुतेक कार्यक्रम नेमके उलटे आखलेले असतात. व्हिएतनाम पोटभर आणि कंबोडिया शेपटीसारखा. आपल्या माणसांना जे बघून सर्वांत जास्त भरून येतं, ते त्या शेपटीत असतं.

आधी महिन्याचं बोलू, कारण तुमच्या कार्यक्रमातली खरी अडचण तिथे आहे. दिवाळी ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध या काळात येते, आणि मध्य व्हिएतनामचा, म्हणजे ह्वे, दा नांग, होई आन या पट्ट्याचा भर पावसाळा तोच. आपला पाऊस परतला की तिथे ईशान्येकडून येणारे वारे आणि वादळं पाऊस घेऊन येतात. होई आन थू बोन नदीच्या काठावर, अगदी सखल जागी वसलंय. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नदी गावात शिरणं तिथे नवलाचं नाही. जुन्या घरांच्या भिंतींवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा केलेल्या दिसतात, आणि पाण्याचा इशारा आला की दुकानदार सवयीने माल माडीवर चढवतात. दर दिवाळीत पूर येतोच असं मी म्हणणार नाही, कोरडे आठवडेही मिळतात. पण आगाऊ पैसे भरून, वयस्कर माणसांना घेऊन, बदल करायला एकही मोकळा दिवस नसताना मी तिथे जाणार नाही.

याउलट त्याच दिवसांत उत्तर व्हिएतनाम फार सुरेख असतं. उन्हाळ्याचा दमटपणा गेलेला, हनोईत सकाळी चालायला जावंसं वाटेल अशी हवा, आणि हा लाँग बेवर आकाश बऱ्याचदा स्वच्छ. कंबोडियात पाऊस संपत आलेला असतो. ऑक्टोबरमध्ये दुपारी एखादी जोरदार सर येते, नोव्हेंबरपासून हवा कोरडी होत जाते. खंदक आणि तळी मात्र काठोकाठ भरलेली. म्हणून तुमच्यासाठी उत्तर व्हिएतनाम, अंगकोर आणि परतीच्या वाटेवर थोडंसं दक्षिण, एवढंच. दा नांग, होई आन, बा ना हिल्स खोडा. नॉम पेनही खोडा, त्याचं कारण पुढे सांगते.

आता अंगकोर. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

अंगकोर वाट हे बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने बांधवलेलं विष्णूचं मंदिर. खंदकासकट आवार सुमारे 400 एकरांचं आहे आणि खंदकच जवळजवळ 190 मीटर रुंद. मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे, हे लक्षात ठेवा. सगळं नियोजन त्यावर ठरतं. पहाटे सूर्य मंदिराच्या मागून येतो, म्हणून शिखरांच्या काळ्या आकृतीचा तो प्रसिद्ध फोटो मिळतो. दगडावरचं काम बघायला मात्र समोरून पडणारं दुपारनंतरचं ऊन चांगलं. पहाटे पाच वाजता डावीकडच्या तळ्याकाठी मोबाइल उंचावलेली प्रचंड गर्दी असते. तुमच्या सासू-सासऱ्यांना त्या अंधारात, ओबडधोबड दगडांवरून चालवू नका. सूर्योदय बघायचाच असेल तर स्रा स्रांग या तलावाकाठी जा. गाडी जवळपर्यंत जाते आणि पायऱ्यांवर निवांत बसता येतं.

अंगकोर वाटमध्ये बहुतेक लोक थेट वरच्या शिखराकडे चढतात. तिथला लाकडी जिना खूप उभा आहे, रांग लागते, आणि गुडघेदुखी असलेल्यांनी तो सोडून द्यावा. त्यांचं काही बिघडत नाही, कारण आपल्यासाठी खरा खजिना खालच्या मजल्यावर, चारी बाजूंनी फिरणाऱ्या ओवरीत आहे. पश्चिमेच्या ओवरीच्या दक्षिण अंगाला कुरुक्षेत्र कोरलंय. डावीकडून कौरव चालून येतात, उजवीकडून पांडव, आणि मध्यावर नुसती झुंबड. वरच्या बाजूला शरपंजरी पडलेले भीष्म दिसतात, अर्जुनाच्या रथावर चार हातांचा कृष्ण सारथी. लोकांचे हात लागून लागून काही ठिकाणी दगड काळा आणि गुळगुळीत झालाय. त्याच ओवरीच्या उत्तर अंगाला लंकेचं युद्ध आहे, हनुमानाच्या खांद्यावर उभा राम आणि समोर दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण. दक्षिणेकडच्या ओवरीत रेड्यावर बसलेला यम, त्याचा हिशेबनीस चित्रगुप्त आणि स्वर्ग-नरकाची दृश्यं. पूर्वेला समुद्रमंथन, जवळजवळ पन्नास मीटर लांब एकच पट्टा. वासुकीला धरून एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मध्ये कूर्मावर मंदार पर्वत आणि त्याच्याशी विष्णू.

ही दृश्यं आपल्या आजी-आजोबांना गाइडने समजावून सांगावी लागत नाहीत. उलट मी अनेकदा पाहिलंय की गटातल्या एखाद्या आजी पुढे होऊन नातवाला आणि सोबत त्या ख्मेर, म्हणजे कंबोडियन, गाइडलाही गोष्ट सांगू लागतात, आणि तो वहीत लिहून घेतो. एक दिवसाच्या कार्यक्रमात या ओवरीला वीस मिनिटं मिळतात. तिला दोन-अडीच तास द्या. वर छप्पर आहे, त्यामुळे ऊन लागत नाही, आणि जोत्यावर अधूनमधून टेकताही येतं.

दुसरा दिवस अंगकोर थोम आणि ता प्रोमसाठी. सातव्या जयवर्मनने बाराव्या शतकाच्या अखेरीला वसवलेली ही राजधानी, तिच्या मधोमध बायोन हे मंदिर आणि त्याच्या शिखरांवर चारी दिशांना बघणारे प्रचंड दगडी चेहरे. ते चेहरे बघायला थोडं चढावं लागतं. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम मात्र खालूनच दिसतं, आणि त्यात राजापेक्षा रोजचं जगणं जास्त आहे: बाजार, मासेमारी, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक. ता प्रोम हे त्याच राजाने 1186 मध्ये आईच्या स्मरणार्थ प्रतिष्ठापना केलेलं मंदिर. भिंतींवर झाडांची मुळं पसरलेले फोटो तुम्ही पाहिले असतील, ते इथलेच. इथल्या जतनाच्या कामात आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण बरीच वर्षं सहभागी आहे. त्याआधी 1986 ते 1993 या काळात, देश अजून यादवीतून सावरलेला नसताना, अंगकोर वाटच्या डागडुजीचं कामही आपल्याच लोकांनी केलं होतं. ता प्रोममध्ये लाकडी पायवाटा घातलेल्या आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना त्रास कमी होतो.

तिसरा दिवस बांतेय स्रेईचा, आणि तुमच्या कार्यक्रमात नेमकं हेच नाव नाही. सिएम रीपपासून गाडीने साधारण तासाभराचं अंतर. मंदिर छोटं, इसवी सन 967 मधलं, राजाने नाही तर यज्ञवराह नावाच्या विद्वान दरबाऱ्याने बांधवलेलं. गुलाबी वालुकाश्म आहे, आणि कोरीवकाम इतकं खोल आणि बारीक की फुलाच्या पाकळीची कड वेगळी दिसते. तुम्ही नाशिकचे, म्हणजे वेरूळ पाहिलेलं असणारच. कैलास लेण्यातला कैलास हलवणारा रावण आठवा. तोच प्रसंग इथे एका चौकटीत मावलाय. पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा दाखवलाय, वर शंकराला बिलगलेली पार्वती, मधल्या पायऱ्यांवर घाबरलेले ऋषी, आणि सर्वांत खाली रावण व आजूबाजूला पळणारे प्राणी. वेरूळला अंगावर येणारी ताकद आहे, इथे सगळं हातभर अंतरावर, नजरेच्या टप्प्यात. शेजारीच खांडववन जळतंय, इंद्र पाऊस पाडतोय आणि कृष्णार्जुन बाणांचं छत धरून तो अडवतायत. वाली-सुग्रीवाची झुंज आहे, मदनदहन आहे. मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी साडेसातला उघडताच पोहोचा. पहिल्या तासात दगडाचा रंग सर्वांत सुंदर असतो आणि गर्दीच्या बसेस आलेल्या नसतात. जमीन सपाट आहे, पायऱ्या नगण्य. दोन देशांत मिळून वयस्कर मराठी माणसाला एकच ठिकाण दाखवायचं असेल तर मी हे दाखवीन.

परत येताना अंगात जोर असेल तर संध्याकाळी तोनले साप सरोवरावर काँपाँग फ्लुकला जा. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की तिचं पाणी जोडनदीतून उलटं वर चढतं आणि सरोवर कित्येक पटींनी पसरतं. उंच खांबांवरची घरं दिवाळीच्या सुमाराला पाण्यातच उभी असतात. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर तीच घरं चिखलात उंच काटक्यांवर उभी दिसतात, म्हणून तेव्हा मी नेत नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास पाणी पुन्हा समुद्राकडे वळतं आणि त्याचा मोठा जलोत्सव नॉम पेनला होतो. तुमच्या तारखा त्याला लागून असतील तर त्या दिवसांत हॉटेलं भरलेली असतात, एवढं ध्यानात ठेवा.

अंगकोरचा पास तीन प्रकारचा: एक दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांच्या मुदतीत कुठलेही तीन दिवस चालतात. म्हणून सिएम रीपला चार रात्री ठेवून मध्ये अर्धा दिवस विश्रांती घेता येते. पासवर तुमचा फोटो छापलेला असतो, तो दुसऱ्याकडून घेऊ नका. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, नुसती ओढणी पांघरून वर सोडत नाहीत. टुकटुक मजेची असते, पण बांतेय स्रेईला एसी गाडीच करा.

नॉम पेनबद्दल. राजवाडा आणि चंदेरी पॅगोडा छान आहेत, पण लोक जातात ते मुख्यतः तुओल स्लेंगचा छळतुरुंग आणि चोउंग एकचं हत्याकांडाचं मैदान बघायला. 1975 ते 1979 या ख्मेर रूजच्या कम्युनिस्ट राजवटीत 15 ते 20 लाख माणसं मेली, आणि तुओल स्लेंगच्या शाळेचा त्यांनी तुरुंग केला होता. तिथल्या खोल्यांत खाटा आणि भिंतीवर कैद्यांचे फोटो आहेत. कंबोडिया समजून घ्यायचा तर हे बघावं, मी स्वतः त्याला फार मानते. पण दुपारच्या दोन तासांत, मेकाँगची बोट आणि खरेदीच्या मध्ये कोंबून ते बघू नये. वेळ नसेल तर पुढच्या खेपेला ठेवा.

उत्तर व्हिएतनामसाठी चार रात्री. हनोईत होआन कीएम तलावाभोवतालची जुनी पेठ पायी फिरा आणि 1070 मध्ये स्थापलेलं साहित्य मंदिर बघा. कासवांच्या पाठीवरच्या शिळांवर तिथे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पंडितांची नावं कोरलेली आहेत. हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते आणि इतर दिवशी फक्त सकाळी उघडते. टूरवाल्याने ती दुपारी लावली असेल तर तुम्हाला इमारत बाहेरूनच दाखवतील.

हा लाँग बेला एक रात्र बोटीवर. समुद्रातून वर आलेले चुनखडीचे दीड हजारांहून जास्त सुळके आहेत, आणि दिवसाच्या सहलीत त्यांच्यात शिरेपर्यंत परतायची वेळ होते. हवा बिघडली की बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात. अशा वेळी एजंटशी हुज्जत घालू नका, थांबवलं तर ते बरंच झालं असं समजा. म्हणूनच हा लाँग आधी ठेवा आणि निन्ह बिन्ह नंतर, म्हणजे एक दिवस पुढे-मागे करायला जागा राहते. निन्ह बिन्हला तसलेच सुळके भातशेतीत आणि नदीत उभे आहेत. ताम कोकला वल्हवणाऱ्या बायका मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात. चांग आनची फेरी जास्त सुंदर, पण ती दोन-तीन तासांची असते, बोटीत खाली बसावं लागतं आणि गुहांमधून जाताना मान वाकवावी लागते. सासऱ्यांची कंबर कशी आहे त्यावर दोन्हींतली एक निवडा. हांग मुआ टेकडीच्या 500 पायऱ्या तुम्ही दोघांनी चढा, ते दोघं खाली कमळतळ्यापाशी बसतील.

दक्षिणेत दोन रात्री पुरतात. हो ची मिन्ह सिटीत एक सकाळ कू चीच्या युद्धकाळातल्या भुयारांना. सुमारे 250 किलोमीटर पसरलेल्या त्या जाळ्यातला छोटासा भाग उघडा आहे, आत वाकून रांगावं लागतं, पण वरचा भाग चालून बघता येतो. दुसऱ्या दिवशी इतिहास संग्रहालयात जा. होई आनजवळचं मी सोन हे जुन्या चाम राज्यातलं मंदिरांचं ठिकाण तुमचं हुकणार आहे, त्याची थोडी भरपाई तिथल्या चाम शिल्पांनी होईल.

मी सोन हुकतंय याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांसाठी सांगते. चौथ्या शतकात राजा भद्रवर्मनने तिथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि पुढे अनेक शतकं चाम राजे तिथे विटांची मंदिरं बांधत राहिले. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत सर्वांत भव्य मंदिर कोसळलं, आणि बॉम्बचे खड्डे आजही मंदिरांच्या मध्ये दिसतात. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला 2020 मध्ये तिथे काम करताना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणाऱ्यांनी बा ना हिल्सऐवजी मी सोन धरावं. बा ना हिल्सवरचा सोनेरी पूल 2018 मधला आहे आणि ती सगळी एक करमणूक नगरी आहे. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आवडेल. तुमच्यासाठी तो पूर्ण दिवस खर्चण्याजोगा नाही.

मुक्कामांचा क्रम मी असा धरला आहे: हनोई दोन रात्री, हा लाँग एक, निन्ह बिन्ह एक, तिथून विमानतळ गाठून सिएम रीप चार, मग हो ची मिन्ह सिटी दोन, आणि तिथून थेट मुंबई. जाताना हनोईचं आणि येताना दक्षिणेतलं विमान धरल्यामुळे मागे फिरावं लागत नाही. सिएम रीपचं नवं विमानतळ 2023 मध्ये सुरू झालंय आणि गावापासून चांगलं तासभर दूर आहे, त्यामुळे रात्री उशिराचं विमान टाळा.

या क्रमात तुम्ही व्हिएतनाममध्ये दोनदा शिरता, म्हणून तिथला ई-व्हिसा 'मल्टिपल एंट्री'चाच लागेल. तो 50 डॉलरचा, एकदाच प्रवेशाचा 25 डॉलरचा. एजंट स्वस्तातला काढून देतात आणि सिएम रीपला चेक-इन काउंटरवर कुटुंब अडकतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, त्यासारखी दिसणारी दलालांची संकेतस्थळं भरपूर आहेत. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, ते गाळलं की अडचण येते. कंबोडियाचा ई-व्हिसा वेगळा काढायचा आणि उतरण्याआधी तिथला ई-अरायव्हल अर्जही भरायचा. थायलंडमार्गे रस्त्याने जाण्याचा बेत कुणी सुचवला तर नको म्हणा. 2025 मध्ये त्या सीमेवर लढाई झाली आणि सीमा बंद केली गेली. अंगकोर त्या सीमेपासून पुष्कळ आत आहे, तरी तिकिटं काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचून घ्या.

पैशांचं एवढंच, की कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण फाटकी किंवा डाग पडलेली नोट कुणी घेत नाही. व्हिएतनाममध्ये 20 हजार आणि 5 लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. सासूबाईंच्या पाकिटात त्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

शाकाहारी असाल तर 'चाय' लिहिलेली पाटी शोधा. बौद्ध पद्धतीचं ते निव्वळ शाकाहारी जेवण असतं, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला अशी ठिकाणं जास्त उघडी असतात. इतरत्र 'भाज्याच आहेत' म्हटलं तरी त्यात माशाचा सॉस असतो, तो आधी विचारा. सकाळच्या न्याहारीसाठी मेतकूट, दाण्याची चटणी आणि थोड्या दशम्या बरोबर असाव्यात. भात सगळीकडे मिळतो.

आरक्षण करताना आधी विमानं, मग हा लाँगची बोट, मग सिएम रीपचं हॉटेल, तेही जलतरण तलाव असलेलं आणि खालच्या मजल्यावरच्या खोलीचं. दुपारी बारा ते तीन तिथे ऊन कडक असतं, त्या वेळेत मंडळी खोलीत पडतील आणि संध्याकाळी पुन्हा ताजी होतील. सासू-सासरे एका दमात साधारण किती चालतात आणि कुणाला जिन्याचा त्रास आहे का, तेवढं मला कळवा. त्याप्रमाणे अंगकोरच्या तीन दिवसांतल्या वेळा लिहून देते.